एका फांदीची वंशावळ

लाल डबल जास्वंदीचं फूल हातात घेऊन पाकळी पाकळी सोडवली की एक गोष्ट ध्यानात येते. साध्या, एकेरी जास्वंदीत पाच पाकळ्या असतात आणि मधोमध एक लांब दांडी. दांडीवर पिवळ्या परागाचे कण चिकटलेले आणि टोकाला मखमलीसारखे पाच लाल ठिपके. डबल जास्वंदीत ही दांडी मोडून गेलेली दिसते. जिथे पुंकेसर असायला हवेत तिथे आखूड, चुरगळलेल्या पाकळ्या उगवलेल्या असतात, आणि एखाद्या पाकळीच्या कडेला चुकून राहिलेलं परागाचं बोंड चिकटलेलं असतं. पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्या म्हणून फूल गच्च भरलं, आणि त्याच कारणाने त्याला बी धरत नाही. डबल जास्वंदीच्या बुडाशी आपसूक उगवलेलं रोप सापडत नाही. पक्षी तिचं बी नेत नाहीत, वारा उडवत नाही, ओढ्याच्या पाण्यातून ते वाहत जात नाही. महाराष्ट्रातल्या वाड्यांच्या मागल्या दारी, देवळांच्या आवारात, चाळींच्या कोपऱ्यात, तेलाच्या डब्यात, जिथे जिथे हे झुडूप उभं आहे, तिथे ते कुणीतरी हाताने खोचलेलं आहे. माझं सगळं म्हणणं या साध्या बाबीवर उभं आहे. जास्वंद मुळात कुठली, हे विचारणं रास्तच आहे. पण तिचा खरा इतिहास एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेल्या फांदीचा आहे, आणि ते हात बहुतेक सगळे घरातल्या माणसांचे होते. राजांच्या बागा आणि सरकारी उद्यानं या गोष्टीत बऱ्याच उशिरा येतात.

आधी मूळ गावाचा प्रश्न. लिनियसने 1753 साली या झुडपाचं शास्त्रीय नाव ठेवलं हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे चीनचा गुलाब, आणि तेव्हापासून ती चीनची हे गृहीत धरलं गेलं. पण चीनच्या जंगलातही ती रानटी अवस्थेत सापडत नाही. तिथेही ती माणसाच्या वस्तीलाच धरून आहे. दक्षिण चीनमधल्या वनस्पतींवरचा एक जुना चिनी ग्रंथ जी हान या अधिकाऱ्याच्या नावावर आहे आणि त्याचं परंपरेने दिलेलं साल इसवी सन 304 आहे. त्यात लाल जास्वंदीचं जे वर्णन आहे ते आजच्या माळ्यानेही मान डोलवावी इतकं नेमकं आहे. पानं तुतीसारखी पण चकचकीत आणि जाड, उंची चार-पाच फूट, फूल गडद लाल आणि पाच पाकळ्यांचं, पाकळ्यांच्याही बाहेर येणारी एक दांडी आणि तिच्यावर सोन्याचा भुगा सांडल्यासारखे कण. एका झुडपावर दिवसाला शेकडो फुलं येतात, सकाळी उमलतात, संध्याकाळी गळतात. आणि शेवटी त्या ग्रंथकाराने नोंदवलंय की फांदी खोचली की जगते. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे. त्यातला बराच मजकूर नंतरच्या शतकांत भरला गेला असं काहीजण मानतात. तो आक्षेप मान्य करूनही माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. मजकूर चौथ्या शतकातला असो वा नंतरचा, ज्याने तो लिहिला त्याला या झाडाबद्दल बियांचं काही सांगावंसं वाटलं नाही. सांगण्याजोगी गोष्ट होती ती फांदीची.

अलीकडे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या जास्वंदींचा अभ्यास करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळंच सुचवलं आहे. त्यांच्या मते आपण जिला जास्वंद म्हणतो ती मुळात एक जात नसून संकर आहे: ताहितीकडची लाल 'काउते' आणि व्हानुआतू बेटांवरची आणखी एक जात, यांच्या मिलनातून झालेला. हे खरं मानलं तर जंगलात ती का सापडत नाही याचा उलगडा होतो. बागेतच जन्मलेल्या झाडाला जंगल कुठून असणार? मात्र यातून आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ताहितीत माणूस वस्तीला गेला त्याला, पुरातत्त्वज्ञांच्या हिशेबाने, साधारण हजार वर्षं झाली. आणि आपल्याकडे जपाकुसुम त्याच्याही कितीतरी आधी काव्यात आलेलं आहे. कालिदासाच्या मेघदूतात उज्जैनच्या महाकालापुढे संध्याकाळी मेघाने जी लाली पांघरायची आहे, तिला उपमा ताज्या जपाफुलाची आहे. अमरकोशात जपेला 'ओड्रपुष्प' म्हटलं आहे, म्हणजे ओड्र देशाचं, आजच्या ओडिशाकडचं फूल. उज्जैनच्या कवीला जे फूल ओळखीचं होतं त्याला कोशकार पूर्व किनाऱ्याचं नाव देतो. परदेशी वस्तूला तिच्या बंदराचं नाव चिकटावं तसं हे दिसतं. पण बंदराचं नाव आणि जन्मगाव या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही विसरून चालणार नाही.

संस्कृतातली जपा ती आपली जास्वंदच कशावरून, असा आक्षेप इथे घेतला जातो. तो वजनदार आहे. लाल फुलं काही कमी नाहीत, आणि जुन्या नावांच्या गळ्यात आजची झाडं बांधण्याची घाई अनेकांनी केलेली आहे. पण या बाबतीत पुरावा बराच भक्कम वाटतो. सांख्य आणि वेदान्ताच्या ग्रंथांत एक दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो: शुभ्र स्फटिकाशेजारी जपाकुसुम ठेवलं की स्फटिक लाल दिसतो, फूल उचललं की पुन्हा पांढरा. आत्मा तसाच राहतो, रंग उपाधीचा, हे त्यातून समजावायचं असतं. या दृष्टान्ताला लागणारं फूल मोठं हवं, त्यावर ठिपके-रेषा नकोत, आणि रंग असा गर्द हवा की शेजारच्या वस्तूवर त्याची झाक पडावी. दुपारीचं फूल, म्हणजे संस्कृतातलं बंधूक, लाल असलं तरी फार लहान आहे, शिवाय कोशकार त्याचं नाव निराळं देतात. पळस झाडावर उंच फुलतो आणि तोही वर्षातून एकदाच, वसंतात. जपेचा दृष्टान्त मात्र कोणत्याही ऋतूत शिष्यापुढे मांडता येतो. बंगालीत आजही हे फूल 'जबा'च आहे आणि ते कालीला वाहिलं जातं, म्हणजे शब्द आणि फूल यांची साखळी कुठे तुटलेली नाही. माझ्या दृष्टीने या दृष्टान्तात आणखी एक सूचना आहे. शिकवणारा माणूस हाताशी असलेली वस्तू उचलतो. जपा पाठशाळेच्या दाराशी असल्याखेरीज ती तत्त्वज्ञानात गेली नसती.

मग ताहितीचा संकर आणि कालिदासाची जपा यांचा मेळ कसा घालायचा? मला पटतं ते असं. 'जपा' हे नाव एकाच रोपाला कायमचं बांधलेलं नव्हतं. समुद्रमार्गाने वेगवेगळ्या काळात लाल जास्वंदींच्या वेगवेगळ्या फांद्या येत गेल्या. जास्त फुलणारी, जास्त भरलेली फांदी आली की लोकांनी तीच लावली, जुनी मागे पडली, नाव तेच राहिलं. बियाण्याच्या पिकात जुनं वाण कोठारात, शेताच्या बांधावर, कुठेतरी तग धरतं. फांदीवर चालणाऱ्या झाडाचं तसं नसतं. दोन पिढ्या कुणी कलम केलं नाही की ते वाण संपलं. म्हणून जास्वंदीच्या जुन्या प्रकारांचे अवशेष शोधूनही हाती लागत नाहीत. उरतात ते शब्द.

आणि एक अप्रतिम साक्ष उरते, बाबराची. 1526 नंतरच्या चार वर्षांत हिंदुस्थानात राहून त्याने आपल्या तुर्की आत्मचरित्रात इथल्या प्राणी-वनस्पतींची टिपणं केली, आणि फुलांच्या यादीत 'जासून' आहे. त्याने ते फूल उकलून पाहिलं असलं पाहिजे, कारण तो नुसतं लाल आहे म्हणून थांबत नाही. डाळिंबाच्या फुलाहून गडद रंग, गुलाबाएवढा आकार. गुलाबाची कळी सरळ उमलते, पण जासूनाच्या उमललेल्या पाकळ्यांमधून एक देठ वर येतो आणि त्या देठावर पुन्हा पाकळ्या फुटतात, हे त्याला फार नवलाचं वाटलं. झाडावर ते सुंदर दिसतं पण एका दिवसात कोमेजतं, आणि पावसाच्या चार महिन्यांत खूप फुलतं, हेही तो टिपतो. देठावर पुन्हा पाकळ्या म्हणजे पुंकेसरांच्या दांडीचा गोंडा झालेली जास्वंद. सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत उत्तर हिंदुस्थानात पसरलेलं हे झाड बी न धरणारं होतं, म्हणजे समुद्रकाठापासून तिथवर ते फांदीनेच पोचलं होतं. बाबर स्वतः बागांचा वेडा होता, चारबागा त्याने आखल्या. पण जासून त्याने आणलेली नाही, ती त्याला इथे आयती दिसली. बादशाही बागेच्या आधी ती लोकांच्या परसात होती. त्याने ऐकलेलं नाव आपल्या जासुंद, जासवंदीचं आणि गुजराती जासूदचं सख्खं भावंड आहे, याचं मराठी वाचकाला कौतुक वाटायला हवं.

नावांचा विचार थोडा आणखी करायला हवा. मराठी-गुजरातीत जासवंद, जासूद, हिंदीत गुडहल, बिहारकडे अडहुल, ज्यात ओड्रफुलाचा ध्वनी अजून ऐकू येतो, कन्नडात दासवाळ, तेलुगूत मंदार, तमिळ-मल्याळममध्ये चेंबरत्ती, म्हणजे लाल कापूस. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अधिकारी व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड सचित्र ग्रंथ करवून घेतला, त्यात ती याच मल्याळी नावाने आली आहे. शेजारशेजारच्या प्रांतांत इतकी वेगळी, एकमेकांशी नातं नसलेली नावं का असावीत? एखादा व्यापारी माल जेव्हा बाजारातून पसरतो तेव्हा त्याचं नावही त्याच्याबरोबर गावोगाव जातं. तंबाखू हे त्याचं उदाहरण. जास्वंदीला असं एक नाव नाही, कारण तिला बाजार नव्हता. जिथे फांदी रुजली तिथल्या माणसांनी आपल्या नजरेने तिला नाव दिलं. दक्षिणेतल्या शेतकऱ्याच्या नजरेला तिच्यात कापूस दिसला, आणि तो अगदी बरोबर होता, वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच कुळातली. इंग्रजांना तिच्यात बुटाचं पॉलिश दिसलं. पाकळ्या चामड्यावर घासल्या की काळपट चकाकी येते, म्हणून ते तिला शू-फ्लॉवर म्हणू लागले.

बाजार का नव्हता, याचं उत्तर फुलातच आहे. झेंडू तोडल्यावर काही दिवस टिकतो, शेवंती टिकते, मोगऱ्याच्या कळीचा गजरा रात्र काढतो. जास्वंद एका दिवसाची. शिवाय ती हातात धरली, दाबली, हारात ओवली की काळी पडते. झेंडूसारखी तिची शेतं झाली नाहीत, मोगऱ्यासारखे मळे झाले नाहीत, त्यामुळे सारा, जकात, दप्तर यांत ती कुठे उमटली नाही. फुलबाजारात गणेशोत्सवात जास्वंद विकायला असते की, असं कुणी म्हणेल. असते, आणि आदल्या संध्याकाळी खुडलेल्या कळ्या थंड जागी ठेवून सकाळी उमलवण्याची युक्तीही विक्रेत्यांना चांगली माहीत आहे. जास्वंदीची तोडलेली कळी पाण्याशिवायही वेळेवर उमलते, हा तिचा गुण. पण हा शहरांचा, त्यातही थोड्या दिवसांचा व्यवहार आहे. रोज एक लाल फूल हवं आणि ते रोज ताजं हवं, या गरजेला पुरतं उतरेल असा मार्ग एकच: झुडूप दाराशी असणं.

ही गरज देवपूजेची. गणपतीला जास्वंद प्रिय, हे आपण इतकं धरून चालतो की त्याला शास्त्राधार विचारावासा वाटत नाही. अथर्वशीर्षात गणपतीची पूजा लाल फुलांनी सांगितली आहे, पण फुलाचं नाव त्यात नाही. कण्हेर चालली असती, दुपारी चालली असती. वसंतात पळसही चालला असता. यातली जास्वंद पुढे सरकली ती ती बारमाही आहे म्हणून, आणि भाद्रपदात तर ऐन बहरात असते म्हणून. बंगालात तिला काली मिळाली, महाराष्ट्र-कोकणात गणपती मिळाला. पूजेने झाडाला पवित्र केलं हे खरं, पण त्याहून मोलाचं म्हणजे पूजेने त्याला रोजचा राखणदार मिळवून दिला. ज्या झाडाला स्वतःचं बी नाही त्याला राखणदाराशिवाय भविष्य नाही. घरातल्या बाईने सकाळी दोन फुलं काढायची, एखादी वाकडी फांदी मोडायची, आणि शेजारणीने मागितली तर पावसाळ्यात एक काडी द्यायची. या तीन कामांवर हा वंश शतकानुशतकं चालला आहे. ही कामं कुणी कुठे लिहून ठेवली नाहीत, आणि इतिहासात त्यांना जागा मिळत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. ताम्रपटात बागा दान दिल्याच्या नोंदी सापडतात. शेजारणीला दिलेल्या काडीची नोंद त्या झुडपापलीकडे कुठेच नाही.

त्या काडीत कसब आहे. फार कोवळी फांदी सडते, फार जून झाली तर मुळं फुटायला नाखूश असते. पेन्सिलीएवढी जाड, साल हिरवट-तपकिरी झालेली, वीतभर लांबीची फांदी घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, कारण मुळं त्या पेरापाशी आधी फुटतात. पानं खुडून शेंड्याची एक-दोन ठेवायची, तीही मोठी असली तर अर्धी कापून, म्हणजे मुळं नसताना पाणी उडून जात नाही. कळी असली तर निर्दयपणे काढायची. दोन डोळे मातीत, दोन वर, जागा सावलीची, माती ओली पण पाणी साचू न देणारी. मृग-आर्द्राच्या पावसात हवेतल्या दमटपणामुळे हे सगळं सोपं होतं, म्हणून काड्या मागण्याचा आणि देण्याचा हंगामही तोच. महिना-दीड महिन्यात डोळ्यातून तांबूस कोंब सुटतो. माळी याला छाट कलम किंवा फाटे कलम म्हणतात. कोकणात सहज रुजते आणि देशावर रुसते असंही या झाडाच्या बाबतीत दिसतं, त्यामागे माती आहे. कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत तिला लोह सहज मिळतं. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फूल नव्या फुटीच्या बेचक्यात येतं, म्हणून थंडी ओसरल्यावर छाटणी केलेलं झुडूप पावसाळ्यात जास्त फुलतं. हे ज्ञान कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत आज आहे, पण त्या निघण्याच्या कितीतरी आधीपासून परसात होतं.

वनस्पती-उद्यानांचं श्रेय मी नाकारतो असं वाटू नये. कलकत्त्याचं उद्यान 1787 साली सुरू झालं, पुण्याचं गणेशखिंडचं 1873 मध्ये, आणि अशा उद्यानांच्या काळात जास्वंदीचं गणगोत वाढलं. पूर्व आफ्रिकेतली झालरीच्या पाकळ्यांची, खाली लोंबणारी झुंबर जास्वंद 1870 च्या दशकात तिथून युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे पोचली आणि पुढे आपल्याकडेही आली. कधीच पुरती न उमलणारी मिरची जास्वंद अमेरिकेची. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींच्या याद्या एकोणिसाव्या शतकात झाल्या तेव्हा लाल जास्वंदीला त्यांत रानातल्या झाडांची जागा मिळाली नाही, ती बागेतली म्हणूनच नोंदली गेली. म्हणजे शास्त्रज्ञ आले तेव्हा ती घरोघरी होतीच. त्यांनी तिला ओळखपत्र दिलं. हवाईत याच्या उलट घडलं. तिथे 1923 साली जास्वंद प्रदेशाचं फूल ठरली, आणि लोकांच्या डोळ्यांपुढे होती ती बागेतली लाल जास्वंद. 1988 मध्ये कायद्याने दुरुस्ती करून तो मान तिथल्या मूळच्या पिवळ्या जातीला दिला गेला. मलेशियाने मात्र 1960 मध्ये बाहेरून आलेली लाल जास्वंद, त्यांची बुंगा राया, राष्ट्रीय फूल म्हणून घेतली आणि मूळ कुठलं हा वाद घातला नाही. मला मलेशियाचा निर्णय जास्त समजूतदार वाटतो.

फांदीवर चालण्याची एक किंमतही आहे. छाटकलमाने वाढलेली सगळी झाडं एकाच शरीराचे तुकडे असतात, एकाला जे खुपतं ते सगळ्यांना खुपतं, आणि फांदीबरोबर तिच्यावरची कीडही प्रवास करते. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखी पांढरी पुटं धरून तो वाकडा करणारा गुलाबी पिठ्या ढेकूण 1908 साली शास्त्रज्ञांनी भारतातूनच प्रथम नोंदवला. 1994 मध्ये तो कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर दिसला आणि तिथली जास्वंदीची कुंपणं पाहता पाहता वाळली. आपल्याकडे मात्र त्याच्यावर जगणारे ढालकिडे आणि परजीवी माश्या बरोबरीने असल्याने तो इतका माजत नाही. ग्रेनेडातही शेवटी फवारण्यांनी भागलं नाही, बाहेरून आणलेली बारीकशी परजीवी गांधीलमाशी आणि ढालकिडेच कामी आले. पुढे 2005 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेकडच्या दुसऱ्या पिठ्या ढेकणाने भारतातला कापूस गाठला, तेव्हा दाराशी असलेली जास्वंद त्याचं आश्रयस्थान ठरली. तमिळ शेतकऱ्याने नावात पकडलेलं कापसाचं नातं किड्यालाही ठाऊक होतं. घरच्या जास्वंदीवर पुटं दिसली की शेंडे कापून जाळावेत, साबणाच्या पाण्याने धुवावं, आणि अशा झाडाची काडी कुणाला देऊ नये.

आता रोपवाटिकांत पिवळ्या, नारिंगी, जांभळट, वाटीएवढ्या संकरित जास्वंदी मिळतात. त्या बियांपासून, पराग हाताने फिरवून पैदा केलेल्या असतात, तेव्हा जास्वंदीला बी नसतंच हे म्हणणं सरसकट खरं नाही, असा शेवटचा आक्षेप येतो. बरोबर आहे, एकेरी आणि संकरित प्रकारांना बी धरतं आणि त्यातून नवी रंगरूपं निघतात. पण निवडलेलं रूप टिकवायचं तर तिथेही बी उपयोगाचं नाही, कारण प्रत्येक रोप वेगळं निघतं. फांदीच लागते. आणि या देखण्या संकरांची मुळं बहुधा इतकी नाजूक असतात की त्यांची फांदी एखाद्या काटक जास्वंदीच्या खुंटावर बांधावी लागते. पहिल्या वर्षी फूल पाहून लोक हरखतात. एखाद्या जड पावसाळ्यात, पाणी तुंबलेल्या कुंडीत, वरची फांदी काळी पडून मरते. झाड गेलं म्हणून कुंडी कोपऱ्यात सरकवली जाते. मग काही आठवड्यांनी कलमाच्या गाठीखालून, जिवंत राहिलेल्या खुंटातून, एक तांबूस कोंब निघतो, त्याला चकचकीत पानं येतात, आणि पुढल्या श्रावणात त्यावर साधं लाल फूल उमलतं.